कमांडरचं मागचं उजवं दार

साउथ बेंड, इंडियाना
३ मार्च १९७५

प्रिय मुंदेक,

आशीर्वाद. कोणी मेलेलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण अचानक पत्र आलं की मला पहिल्यांदा तेच वाटतं, आणि तू माझाच मुलगा आहेस. तुझी बहीण बरी आहे. तिचा नवरा बरा आहे. माझे गुडघे सोडले तर मीही बरा आहे.

पत्र गाडीबद्दल आहे.

काल रविवारी इरेना प्रार्थनेनंतर जेवायला आली होती. मी बीटाचं सार केलं होतं. ती म्हणाली, "ताता, कोन्सुएलोचा फोन होता. मुंदेक कमांडरचं सगळं कुशनचं काम नव्याने करून घेतोय. सीटा, छत, दारं, सगळं." मी विचारलं, "दारं कशाला?" ती म्हणाली, "आता ते मी कसं सांगू? गाडी त्याची आहे." मग ती दुसऱ्याच विषयावर बोलू लागली आणि माझं सार गार झालं.

मुंदेक, अकरा वर्षांत मी तुला काही सांगायला आलो नाही. आता फक्त एवढंच सांगतो. सीटा कर, माझी हरकत नाही. चोवीस वर्षांत स्प्रिंगा बसल्या असतील. छताचं कापड मी १९५१ मध्ये माझ्या हाताने ताणलं होतं, पण तुमच्याकडे ऊन फार, विरलं असेल. तेही कर. पुढची दोन्ही दारं आणि मागचं डावं, हवं तर कर. पण मागच्या उजव्या दाराला कोणाला हात लावू देऊ नकोस. त्याचं कापड चांगलं आहे. ते मी १९६२ मध्ये पुन्हा केलं होतं, तुला आठवत असेल किंवा नसेल. चांगलं काम उगाच उसवू नये.

हल्लीच्या कुशनवाल्यांची मला खात्री वाटत नाही. ते चिकटवतात. कारखान्यात आमच्या कुशनखात्यात कोणी चिकटवलं असतं तर फोरमनने ते पॅनेल त्याच्या डोक्यात घातलं असतं. आम्ही शिवायचो. स्क्रू पिळून झाला की त्याच्या डोक्यावरची चीर उभी ठेवायचो, बारा आणि सहाच्या काट्यासारखी, म्हणजे धूळ अडकत नाही आणि डोळ्याला बरं दिसतं. गिऱ्हाइकाला ते कधी कळायचं नाही. आम्हाला कळायचं. म्हणूनच लोक पन्नास-पन्नास वर्षं आमच्या गाड्यांत बसले.

तुझी नाताळची कार्डं येत होती तेव्हा मला गाडीची खबर मिळायची. शेवटचं कार्ड १९६५ चं. मग आलं नाही. मी टपालखात्याला दोष दिला.

समुद्राची हवा लोखंड खाते. गाडीचा तळ वर्षातून दोनदा धूत जा. तुमच्या सान पेद्रोत चढ फार आहेत असं इरेना सांगते. उभी करताना चाकं फुटपाथकडे वळवून ठेव.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. दाराचं तेवढं लक्षात ठेव.

तुझा
ताता


२४ मार्च १९७५

प्रिय मुंदेक,

कोन्सुएलोचं पत्र मिळालं. सुनेचं अक्षर सुंदर आहे. तिने मलाही ताता लिहिलंय, न सांगता. मी ते इरेनाला दोनदा दाखवलं.

ती लिहिते की तू माझं पत्र दोनदा वाचलंस, रेडिओवर ठेवलंस आणि म्हणालास, "म्हाताऱ्याला सांग, ती गाडी आहे, चर्च नाही." आणि ओचोआ नावाचा तुमचा कुशनवाला आठ मेला काम धरणार. तो सगळी दारं उघडणार, कारण एक दार जुनं आणि तीन नवी बरी दिसत नाहीत.

तो ओचोआ बरोबर बोलतो. कारागीर म्हणून मीही तेच म्हटलं असतं. त्यामुळे माझी झोप गेली.

गाडी चर्च नाही हे मला कळतं. पण तुला एक सांगू? या गावात चर्चं आली ती गाडीमागून. आमच्या पश्चिम भागातली घंटा कोणाच्या पगारातून टांगली गेली? १८५२ मध्ये दोन भाऊ लोहारकीची हत्यारं घेऊन या गावात बसले. घोड्याला नाल मारायचे, बैलगाड्या-घोडागाड्या बांधायचे. तिसरा भाऊ सोनं शोधायला कॅलिफोर्नियात गेला, तुझ्याच त्या कॅलिफोर्नियात. तिथे खाणीवाल्यांना हातगाड्या हव्या आहेत हे त्याला दिसलं. सगळे सोनं खणत होते आणि हा एकटा हातगाड्या ठोकत होता. लोक त्याला हातगाडीवाला जॉनी म्हणून चिडवायचे. पाच वर्षांनी तो कमाई घेऊन घरी परतला आणि भावांच्या धंद्यात घातली. मग यादवी युद्धात सैन्याच्या गाड्या आमच्या. पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या आमच्या. घोडे गेले, घोडागाड्या करणारे शेकडो कारखाने घोड्यांबरोबर गेले. आमचा एक राहिला आणि मोटारी करू लागला. तेहतीस साली सगळे म्हणाले, आता ही कंपनी बुडाली. बुडाली नाही. हे मी सहावीपर्यंत शिकलेला माणूस सांगतोय. शाळेतलं काही आठवत नाही, हे आठवतं, कारण हे माझ्या बापाने मला जेवताना सांगितलं आणि मी तुला.

क्लबमध्ये लायोश अजून येतो. ओतशाळेतला तो हंगेरियन, कानाने बहिरा. परवा पत्ते पिसता पिसता म्हणाला, "वालेंती, तुमच्या त्या सत्तेचाळीसच्या गाडीला पुढे जितकी काच तितकीच मागे. माझी सासू रस्त्यात उभी राहून विचारायची, ही येतेय की जातेय?"

मी म्हटलं, "तुझ्या सासूला तर तूही येतोयस की जातोयस ते कळायचं नाही."

"ते मलाही कळायचं नाही," तो म्हणाला. "पण गाडी देखणी होती रे. दुसऱ्या कंपन्यांनी तिची नक्कल करायला दोन वर्षं घेतली."

हे तो म्हणतो, जो चाळीस वर्षं भट्टीपुढे भाजला. त्याच्या तोंडून अजून वाकडा शब्द निघत नाही. आम्ही जगात सर्वांत मोठे कधीच नव्हतो. डेट्रॉइटचे मोठे. पण आमची गाडी दारात उभी असली की शेजारी एकदा वळून बघायचा. कमांडरचं ते टोकदार नाक बघून तू आठ वर्षांचा असताना म्हणाला होतास, "ताता, याला फक्त पंख लावायचे राहिलेत."

आणि तो नदीकडून वर येणारा चढ. तू पंधराचा होतास. मी शेजारी बसून जपमाळ ओढत होतो. ऐन चढावर पुढचा ट्रक थांबला. तू क्लच दाबून ठेवलास आणि ब्रेकवरचा पाय उचललास. मी ओरडलो, "ब्रेक! अरे ब्रेक!" तू दोन्ही हात चाकावर ठेवून शांतपणे म्हणालास, "ताता, ती आपली आपण थांबलीय." चढावर मागे न घसरण्याची ती सोय आमच्या गाड्यांत १९३६ पासून आहे. मी त्याच कारखान्यातला, आणि मीच विसरलो होतो. तू किती हसलास. तुझ्या आईला सांगितलंस तेव्हा तीही हसली.

हे सगळं का लिहितोय? कोन्सुएलोने विचारलंय की मागच्या उजव्या दाराचं काय आहे. तिला सांग, म्हाताऱ्याचा हट्ट आहे.

ओचोआला थांबव. मी स्वतः येऊन करीन. माझे हात अजून ठीक आहेत. डोळ्यांचं बघू.

ताता


१० एप्रिल १९७५

प्रिय मुंदेक,

तुझ्याकडून काही नाही. मी रोज पेटीत बघतो. वसंत आलाय, पण मी अजून गळ्याला मफलर गुंडाळून पेटीपर्यंत जातो, कारण एप्रिलमध्येच न्यूमोनिया होतो.

दाराचं खरं कारण सांगायला हवं होतं. आत तुझ्या आईने ठेवलेलं चित्र आहे. पोलंडातल्या चेंस्तोहोवाच्या काळ्या माउलीचं, म्हणजे मेरीमातेचं, पोस्टकार्डाएवढं. नवी गाडी घरी आली तेव्हा ती, माझी यादविगा, म्हणाली, मुलं मागे बसतात, मागच्या दारात देव हवा. मी अस्तराच्या आत ठेवून दिलं. कोणी परक्या माणसाने ते काढून कचऱ्यात टाकू नये म्हणून मला काळजी. एवढंच आहे ते.

तेव्हा ओचोआला सांग की ते दार आमच्या घरचं आहे.

त्या चित्रावरून आठवलं. लढाईच्या काळात आम्ही मोटारी बंद करून ट्रक करत होतो, रशियाला जाणारे. सहा चाकं मागून-पुढून ओढणारे. सीटांना जाड कॅनव्हास, सुया रोज तुटायच्या. पंचेचाळीसला माझ्या चुलतभावाचं पोलंडहून पत्र आलं, सहा वर्षांनी पहिलं. त्याने लिहिलं होतं, "वालेंती, आमच्या गावातून ट्रक गेले. चिखलात घोडे मेले, रणगाडे रुतले, हे गेले. पुढच्या पट्टीवर तुझ्या कारखान्याचं नाव होतं. मी ते बोट लावून वाचलं आणि बायकोला म्हणालो, आपला वालेंती जिवंत असणार." ते पत्र मी फोरमनला दिलं. त्याने जेवणाच्या सुट्टीत बाकावर उभं राहून मोठ्याने वाचलं. तीनशे माणसं जेवायची थांबली. माझ्या बापाने टोपी काढली. मुंदेक, लोक म्हणतात नाव म्हणजे नुसती पत्र्यावरची अक्षरं. माझ्या चुलतभावाला त्या अक्षरांनी सांगितलं की मी आहे.

म्हणून मला नेहमी वाटायचं की कारखान्याच्या फाटकातून आत जाण्यापरतं माणसाचं भलं नाही.

चित्राचं लक्षात ठेव.

ताता


२२ एप्रिल १९७५

प्रिय मुंदेक,

काल संध्याकाळी कोन्सुएलोचा फोन आला. इतक्या लांबून फोन म्हणताच मी खुर्चीत बसून घेतलं.

ती म्हणाली, "ताता, घाबरू नका, सगळे बरे आहेत. मुंदेक म्हणतो, आई देवाची चित्रं कधीच ठेवायची नाही. ती म्हणायची की चित्राने टायर पंक्चर व्हायचा थांबत नाही."

मी म्हटलं, "शेवटी शेवटी ती बदलली होती."

मागून कोणीतरी बोललं. तिने फोनवर हात ठेवला असावा, पण नीट ठेवला नाही. "त्यांना विचार, काय आहे त्या दारात. त्यांना स्वतःला सांगू दे."

अकरा वर्षांनी तुझा आवाज ऐकला. तो माझ्या बापासारखा झालाय, खालचा. मी कोन्सुएलोला म्हटलं की स्टोव्हवर काहीतरी आहे आणि फोन ठेवला. स्टोव्हवर काही नव्हतं.

चित्राची गोष्ट खोटी होती. मेलेल्या बायकोला मी साक्षीला उभं केलं. तुझ्या आईची थडग्यावर जाऊन माफी मागितली, आता तुझी मागतो.

मग क्लबमध्ये गेलो. लायोशला सगळं सांगितलं, त्याच्या कानात ओरडून. त्यामुळे बारवाल्यालाही कळलं. लायोशने हातातले पत्ते पालथे ठेवले. मग म्हणाला, "गधड्या, आठ मेला तो मेक्सिकन दार उघडणार. तुझ्या पोराला ते तुझ्याकडून कळायला हवं का स्क्रू काढणाऱ्याकडून?"

मी म्हटलं, "पत्रात लिहायला जमत नाही."

"मग बोटाने लिही. पण लिही."

दोन दिवस दे मला.

ताता


२५ एप्रिल १९७५

प्रिय मुंदेक,

सकाळचे दहा वाजलेत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलोय, तू जिथे विमानं काढायचास तिथे. तुझ्या पेन्सिलीने पडलेल्या रेघा लाकडात अजून आहेत. त्यावर कापड टाकलं नाही कधी.

दारात एक पत्र आहे. तुझ्या नावाचं.

बासष्ट साली, एप्रिलमध्येच, तू कॅलिफोर्नियातल्या एका विमान कंपनीला तुझी चित्रं पाठवली होतीस. विमानांचे आराखडे काढणाऱ्यांच्या खात्यात शिकाऊ म्हणून घ्या म्हणून. तू मला सांगितलं नव्हतंस, पण पाकिटावर तिकिटं लावताना मी पाहिलं होतं. अठ्ठावीस एप्रिलला त्यांचं उत्तर आलं. तू बाहेर होतास. मी ते वाफेवर उघडलं. त्यांनी तुला बोलावलं होतं. एक जूनला हजर व्हा. चित्रांबद्दल दोन ओळी चांगल्या लिहिल्या होत्या.

तुझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती. इरेनाचं लग्न झालं होतं. पण घर रिकामं होईल हे कारण मी पुढे करणार नाही. खरं कारण तो फोटो.

तुला ठाऊक आहे आमच्याकडे कशाला मान होता. कोणी किती कमावतो याला नाही. फाटकातून बाप आत जातो, त्याच्यामागे मुलगा आत जातो, याला. कंपनी जाहिरातींतून तेच सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. गाडी चांगली का, तर एक हात चुकला तर शेजारी त्याच रक्ताचा दुसरा हात असतो. दोन पिढ्या पुष्कळांच्या होत्या. तीन पिढ्या असल्या की कारखान्याच्या पत्रकात फोटो यायचा. माझा बाप १९०९ मध्ये घोडागाड्यांच्या खात्यात लागला. मी पंधराव्या वर्षी. तू लागलास की तीन. बाप सत्त्याहत्तरचा होता आणि दर रविवारी विचारायचा, "मुंदेकचं नाव घातलं का रे फाटकावर?"

मी पत्र जाळायला स्टोव्हचं झाकण उचललं. जाळवलं नाही. त्यावर तुझं नाव टाइप केलेलं होतं, पूर्ण नाव, रायमुंद आंतोनी कुबियाक. माणसाचं नाव आगीत कसं टाकायचं? त्या आठवड्यात मागच्या उजव्या दाराचं अस्तर मी काढलं होतं, नवं कापड लावायला. पत्र मेणकापडात गुंडाळून आत ठेवलं, पॅनेल बसवलं, माझे पितळी स्क्रू लावले. खालच्या पट्टीला पाच. चिरा उभ्या ठेवल्या.

मग तीन आठवडे तू रोज विचारायचास, "आज काही आलं का ताता?" मी म्हणायचो, "चर्चचं पत्रक." चौथ्या आठवड्यात तू विचारायचं थांबलास. मी म्हणालो, "तुझं नाव फाटकावर घालतो. एकशे दहा वर्षांची कंपनी आहे, तुझ्या नातवंडांना पुरेल." तू नुसता हो म्हणालास.

फोटो तुझ्याकडे आहे की नाही माहीत नाही. मधे आजोबा, रविवारच्या कोटात, हातात घोडागाड्यांच्या खात्यातला हातोडा. मी डावीकडे, दात दाखवत. फोटोवाला म्हणाला, "तिघं हसा." तू हसला नाहीस. सगळे म्हणाले, मुलगा आईवर गेलाय, गंभीर.

पुढे दीड वर्षात, नऊ डिसेंबरला, सोमवारी, साउथ बेंडचं काम बंद होणार असं जाहीर झालं. वीस तारखेला शेवटची गाडी पट्ट्यावरून उतरली. त्यात कोणाचा काय दोष ते शिकलेले लोक अजून भांडतात. मला त्यात पडायचं नाही. गाडी चांगली होती. शेवटची गाडीसुद्धा आम्ही पहिलीसारखी शिवली, डोळे पुसत पुसत. तुझ्या बाबतीत कंपनीने काही केलं नाही, मी केलं. जानेवारीत तू दारात उभा राहून म्हणालास, "नातवंडांना पुरणार होती ना, ताता?" मी उलट ओरडलो की तू कृतघ्न आहेस. मग खिशातून कमांडरच्या किल्ल्या काढून तुझ्यापुढे फेकल्या.

फेकल्यावर मला दाराची आठवण झाली. तू सकाळी निघणार होतास. रात्रभर वेळ होता, अंगणात जाऊन पाच स्क्रू काढायचे होते. नाही गेलो. गादीच्या शिवणीवर बोट फिरवत बसलो आणि मनाला समजावलं की पत्राला जिथे जायचं होतं तिथेच ते निघालंय. किती मूर्ख माणूस असेल तो.

त्यानंतर मी लोकांचे सोफे शिवले. तू बंदरावर क्रेन दुरुस्त करतोस असं इरेना सांगते, आणि चांगल्या करतोस. मी तिला कधी विचारलं नाही की तू अजून चित्रं काढतोस का.

आता ओचोआला दार उघडू दे. पत्र तुझं आहे.

तुझा बाप
वालेंती


६ मे १९७५

प्रिय मुंदेक,

आज पेटीत तुझ्या अक्षरातलं पाकीट होतं. मी ते तासभर उघडलं नाही. आधी गुडघ्याला तेल लावलं. मग कुत्र्याला खायला घातलं, शेजाऱ्याच्या. मग उघडलं.

आत पत्र नव्हतं. एक फोटो. कमांडर, तिरपी उभी, मागचं उजवं दार सताड उघडं. आधी मी बाकीची गाडीच पाहिली. रंग अजून तोच हिरवा. क्रोमवर डाग नाही. चाकं फुटपाथकडे वळवलेली. तू तिला जपलंस रे. इतकी मीसुद्धा जपली नसती.

मग भिंग आणलं आणि दार पाहिलं. माझं कापड, माझी शिवण. खालची पट्टी. पाच स्क्रू. पहिल्याची चीर आडवी. दुसऱ्याची तिरकी. तिसरा अर्धवट पिळलेला, डोकं वर. चौथा आणि पाचवा एकमेकांकडे पाठ करून.

आमच्या खात्यात असं काम कोणी ठेवत नाही. ओचोआ तर आठ तारखेला येणार होता.

मी फोटो उलटा केला. तू मागे लिहिलंयस ते मी आता इथे उतरवतो, कारण लिहून काढल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरत नाही.

"१४ ऑगस्ट १९६६. काच खाली उतरेना म्हणून उघडलं. वाचलं. परत तिथेच ठेवलं. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो. गाडी विकायचं मनात आलं होतं, पण गाडीने काय केलं होतं? ओचोआला नको म्हटलंय."

म्हणजे टपालखात्याचा दोष नव्हता.

नऊ वर्षं, मुंदेक. तू त्या दाराशेजारून रोज जात होतास, आणि मी इथे रोज घाबरत होतो की तुला कळेल. त्या नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली असती तर? हे मी लायोशला विचारलं. तो म्हणाला, "तर तुला आज पत्ते नीट दिसले असते. आता पत्ते वाट."

इरेना आली. तिने फोटोमागचं वाचलं, डोळे पुसले, आणि काही न विचारता बस आणि विमानांच्या कंपन्यांना फोन लावत सुटली. बसने तीन दिवस लागतात, त्यात माझे गुडघे जातील. ती म्हणते, विमान. मी म्हटलं, मला विमानाची भीती वाटते. ती म्हणाली, "ताता, वाटायलाच हवी. बसा."

तेव्हा विमानाने येतो. सोमवारी सकाळी इथून शिकागो, तिथून तुमच्याकडे. इरेना सांगते की शिकागोला जाताना विमान आमच्या जुन्या चाचणीच्या मैदानावरून जातं. आठवतं तुला? अडतीसच्या सुमाराला तिथे पाइनची हजारो रोपं लावली होती, कारखान्याचं नाव दिसेल अशी, अर्धा मैल लांब. मी तिथे कितीदा फिरलोय. खालून नुसती झाडं दिसतात. सदतीस वर्षांत ते नाव मी कधी वाचलेलं नाही. खिडकीशी बसून डोळे मिटले नाहीत तर वाचीन.

विमानतळावर कमांडर घेऊनच ये. चढ असला तर क्लच दाबून ठेव, मी ओरडणार नाही. ओरडलो तर लक्ष देऊ नकोस. मी मागे बसणार, उजवीकडे.

कोन्सुएलोला सांग, माझ्यासाठी फार तिखट करू नको. सॉसेज मी इथून आणतोय, बर्फात गुंडाळून. ते विमानात चालतं का ते विचारायचं राहिलंय.

सुया, मेणाचा दोरा आणि हातोडी घेतली आहे. आणि माझा स्क्रू ड्रायव्हर. तुझा त्या चिरेत बसत नाही, ते फोटोवरून दिसतंच आहे.

ताता